संकटात कोणाला कळवायचे

"डावा हात," मामा म्हणाले. "उजवा मोडलाय तुझा."

"कधी?"

"आत्ताच. विमान उलटलं तेव्हा. गप्पा नकोत, वेळ चाललाय."

भिंगरीच्या डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला होता आणि डावा हात मिनिटभर बर्फाच्या बादलीत ठेवून नुकताच बाहेर काढला होता. बोटं लाकडासारखी झालेली. त्या बोटांनी जाकिटाचा छातीवरचा खिसा उघडायचा, आतलं बीकन काढायचं, त्याची पट्टीसारखी अँटेना उलगडून उभी करायची आणि झाकणाखालचं बटण दाबायचं. म्हणजे दाबल्यासारखं करायचं, कारण खरंच दाबलं तर उपग्रहामार्फत बचाव केंद्राला खबर जाते आणि तिथली माणसं खुर्च्या सोडून उठतात. मामांच्या हातात अंडी उकडताना लावतात तसलं टिकटिकणारं घड्याळ होतं. चाळीस सेकंदांनी ते वाजलं तेव्हा अँटेना अर्धीच वर आली होती.

"मेलीस," मामा म्हणाले. "पुन्हा."

"मामा, सकाळपासून सहा वेळा मेले मी."

"मग सवय झाली असेल. पुन्हा."

गावाच्या टोकाला असलेल्या त्या छोट्या धावपट्टीवर मामा गेली एकोणतीस वर्षं सामानाची खोली सांभाळत होते. तिथून एका इंजिनाची विमानं डोंगरांपलीकडे जात, जिथे रस्ता पोचलेला नाही, आणि नदीकाठच्या गोट्यांवर नाहीतर एखाद्या गवताळ उतारावर टेकत. नेताना औषधं, टपाल, छपराचे पत्रे. आणताना कधी एखादी अडलेली बाळंतीण. प्रत्येक वैमानिकाच्या अंगात एक जाकीट असे आणि त्यात काय असावं हे मामा ठरवत. त्या बाबतीत व्यवस्थापकांनाही तोंड घालायची सोय नव्हती. स्वतः मामा मात्र जन्मात एकदाही विमानात बसले नव्हते. वरच्या फळीवरचा डबा काढायला शिडी लावली तरी त्यांचे पाय लटपटत. "पोहायला शिकवणाऱ्याने काठावरच उभं राहायचं असतं," असं ते म्हणत आणि लोक मोठ्या मनाने ऐकून घेत.

भिंगरी त्यांची सख्खी भाची. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून हे नाव पडलं, आणि सव्वीस वर्षांची होऊन विमान चालवायला लागली तरी ते चिकटून राहिलं. येत्या सोमवारी ती पहिल्यांदाच एकटी, शेजारी अनुभवी वैमानिक नसताना, सगळ्यात लांबच्या दरीत जाणार होती. तिच्या वडिलांचा मार्ग तोच होता. ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती आणि सकाळपासून दोघांनीही काढली नव्हती.

सातव्या खेपेला एकतीस सेकंद लागले. मामांनी टॉवेल सोडला आणि "ठीक" म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नव्हतं.

आता टेबलावर पसारा मांडून निवड सुरू झाली. जाकीट दोन किलोंच्या वर गेलं की वैमानिक ते काढून मागच्या सीटवर टाकतात, हा मामांचा अनुभव. म्हणून पाणी, औषध, काडेपेटी, चाकू यांतून जे वजन उरेल त्यात इशाऱ्याची साधनं बसवायची. भिंगरीने आपलं नवंकोरं यंत्र पुढे सरकवलं. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं, मोबाइलचं धाकटं भावंड.

"हे एवढंच पुरे आहे मामा. मेसेज जातो, मेसेज येतो, मी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. बाकी सगळं तुझं म्युझियम आहे."

"हातमोजे घालून टाइप करून दाखव. 'पाय मोडला' असं लिही."

तिने लिहिलं. मामांनी चष्मा वर करून पडद्यावरची अक्षरं वाचली. "हे वाचून केंद्रवाले दुभाष्या शोधायला जातील," ते म्हणाले. "पण घे. यंत्र चांगलंय, मी नाही म्हणत नाही. इंजिन बंद पडून तू धडधाकट उतरलीस तर 'अमुक पार्ट घेऊन या' हे बीकनला सांगता येत नाही, याला येतं. फक्त ते बीकनच्या जोडीला, बीकनच्या जागी नाही. आणि डॅशबोर्डवर चिकटवून मिरवायचं नाही. खिशात."

"बीकनमध्ये असं काय आहे मग?"

"त्याला एकच काम येतं. ओरडायचं. एकच काम येणारे लोक ते नीट करतात. माझ्याकडे बघ."

आकाशात उडणारे पेटते फ्लेअर मामांनी बाजूला काढले, कारण त्या दरीत कंबरभर वाळलेलं गवत होतं. स्वतःला वाचवायला जावं आणि डोंगर पेटवावा. त्याऐवजी नारिंगी धुराची एक कांडी. मुदत संपायला दोन वर्षं आहेत ना, हे त्यांनी भिंगाखाली धरून पाहिलं. तिने स्वतः आणलेली शिट्टी त्यांनी हलवून बघितली. आत गोटी खुळखुळली. "खेळाच्या मैदानावर वाजव," ते म्हणाले. "थंडीत थुंकी गोठते आणि गोटी चिकटून बसते." मग ड्रॉवर उघडून बिनगोटीची चपटी शिट्टी दिली. शेवटी तळहाताएवढा, मध्ये बारीक छिद्र असलेला काचेचा आरसा ठेवला.

"तिकडे मेकअप करू?"

"कर की. पण आधी त्या पाण्याच्या टाकीवर उजेड पाड."

दोघं बाहेर आली. आरसा डोळ्याला लावायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटं पुढे धरायची, त्यांच्या मध्ये टाकी पकडायची आणि बोटांवर उजेड नाचवायचा. एकच हात चालत असेल तर नुसत्या छिद्रातून. टाकी चांगली अर्धा मैल लांब होती. पाचव्या प्रयत्नाला टाकीखाली रंग देणाऱ्या माणसाने डोळ्यांवर हात धरून तिकडूनच काहीतरी शिवी हासडली.

"पोचला," मामा समाधानाने म्हणाले. "याला बॅटरी नाही, मुदत नाही, पासवर्ड नाही. ऊन मात्र पाहिजे."

आरशाची थट्टा मामा एवढी खपवून घेत, ती फक्त भाचीची. अकरा वर्षांपूर्वी भाऊजींच्या विमानात, म्हणजे भिंगरीच्या वडिलांच्या विमानात, मामांनीच भरलेली बचावाच्या सामानाची पेटी होती. अव्वल पेटी. सीटमागे पट्ट्याने पक्की बांधलेली. विमान तळ्यात पडलं आणि पेटीसकट बुडालं. भाऊजी पोहत काठाला लागले ते रिकाम्या खिशांनी. होती ती खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी. शोधायला निघालेलं विमान पहिल्याच दुपारी त्यांच्या डोक्यावरून गेलं, आणि मग तीन दिवस ढग. ते चार दिवस जगले, असं डॉक्टर म्हणाले. सापडले तेव्हा हातात त्या डबीचं झाकण होतं. वाळूने घासून घासून वरचा रंग पार काढून टाकलेला, लख्ख. त्या आठवड्यापासून मामांनी सीटमागच्या पेट्या बंद केल्या आणि जाकिटं आणली. खोलीच्या दारावर आतून लिहिलं, 'अंगावर असेल तेच आपलं.'

भिंगरीची आई, मामांची ताई, तेव्हापासून त्यांच्याशी तुटक झाली. एका गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर राहून "बरा आहेस?" "बरा आहे," यापलीकडे गाडी जात नसे. मामांना कारण माहीत होतं: पेटी. ते स्वतःलाही माफ करत नव्हते, तर तिच्याकडून कसली अपेक्षा करायची.

खोलीत परत येऊन भिंगरी बीकनच्या नोंदणीचा अर्ज भरायला बसली. नाव, विमानाचा क्रमांक, रंग. मग तो रकाना आला: संकटात कोणाला कळवायचे.

"माझा नंबर टाक," मामा म्हणाले. "सगळ्यांचा माझाच असतो."

ते खरं होतं. बाकीच्या अठरा वैमानिकांच्या अठराही अर्जांवर मामांचाच नंबर होता. बीकन वाजलं की केंद्रवाले आधी अर्जावरच्या माणसाला विचारतात, विमान खरंच गेलंय ना, कुठल्या वाटेने, किती माणसं. आजवर असे पाच फोन आले आणि पाचही खोटे निघाले. एकाच्या लेकीने तर खेळणं समजून बटण दाबलं होतं. घरच्यांच्या जिवाला उगाच घोर नको, ही मामांची व्यवस्था, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

"मी आईचा टाकणारे," भिंगरी म्हणाली. "पहिला."

"अगं तिला कशाला? आधीच पेटीवरून..."

"तिला पेटीचं काही वाटत नाही, मामा. कधीच नव्हतं वाटत. तिला त्या दीड दिवसाचं वाटतं." तिने पेन खाली ठेवलं. "तू जाऊन बोल तिच्याशी. जाकीट पण घेऊन जा. खांद्यात ढिलं आहे, तीच नीट बसवेल."

मामांनी टेबलावरचा कागद सरळ केला. तो आधीच सरळ होता.

दीड दिवस म्हणजे हा. विमान परतलं नाही, असा कचेरीतून फोन आला होता तो मामांना. "ताईला मी सांगतो," असं ते म्हणाले, आणि सांगितलं नाही. हवा खराब आहे म्हणून भाऊजी तिकडेच मुक्कामाला राहिलेत, अशी थाप मारली. सापडले की दोन्ही बातम्या एकदम देऊ, असा त्यांचा विचार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात कोणा बाईने ताईच्या खांद्यावर हात ठेवून "सापडतील हो" म्हटलं, तेव्हा तिला कळलं.

ताईचं दुकान तंबू, पिशव्या आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा जाकीट घेऊन दारात उभे राहिले तेव्हा ती जाड कापडावर टीप मारत होती. मशीनशेजारी टाचण्या ठेवलेल्या होत्या, एका गोल पत्र्याच्या झाकणात. ते झाकण मामांनी ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"भिंगरीचं आहे. खांद्यात ढिलं आहे."

"ठेव तिथे."

मामांनी ठेवलं. निघून जायला हरकत नव्हती. "ताई," ते म्हणाले, "मला वाटत होतं तुझा राग पेटीवर आहे."

मशीन थांबलं.

"पहिल्या दिवशी मी पडदे धुतले," ताई म्हणाली. "निळे, त्याला आवडायचे ते. वाळवले, इस्त्री केली. शेजारणीशी पोट दुखेपर्यंत हसले, कशावरून ते अजून आठवतं मला. आणि तो तिथे काठावर बसून डबी घासत होता."

"तुला त्रास नको म्हणून..."

"माझा त्रास होता ना तो? मला विचारायचंस तरी. मी काही त्याला वाचवणार नव्हते, तेवढं कळतं मला. पण चार दिवस तो जगला, आणि त्यातले दीड दिवस मी त्याची वाटसुद्धा बघितली नाही. सगळ्या गावाला माहीत, आणि मी पडदे धुतेय. माझ्या वाटणीचं जागरण तू परस्पर करून टाकलंस."

मामांचे डोळे भरून आले. अकरा वर्षं ते एकेक खिसा तपासत आले होते आणि चुकलेलं काम खिशात नव्हतंच. "चुकलो मी, ताई," ते म्हणाले.

"हो. चुकलास."

जाऊ दे, झालं गेलं, असलं काही ती म्हणाली नाही. तिने जाकीट ओढून मांडीवर घेतलं आणि खांद्याची शिवण उसवायला सुरुवात केली. उसवता उसवताच म्हणाली, "माझा नंबर पहिला लिहायचा."

"फोन घेणाऱ्याला पटापट सांगावं लागतं. वाट कुठली, रंग कुठला, इंधन किती तासांचं. गडबडून चालत नाही."

"मग शिकव. पोरीचा हात बर्फात घालतोस म्हणे. माझा कशात घालणारेस?"

त्या आठवड्यात सामानाच्या खोलीतून ताईच्या दुकानात रोज फोन जाऊ लागला. मामा आवाज जाड करून "बचाव केंद्रातून बोलतोय, आपण कोण?" असं विचारत, आणि ती पहिले दोन दिवस "तुझी थोरली बहीण" असंच उत्तर देई. तिसऱ्या दिवशी तिने मार्ग, मधले तीन थांबे, विमानाचा पिवळा रंग, शेपटीवरची लाल पट्टी आणि जाकिटातली प्रत्येक वस्तू धडाधड सांगितली. मामांच्या हातातलं घड्याळ वाजायला अजून अकरा सेकंद होते. ते "ठीक" म्हणाले. ताईला त्या शब्दाची किंमत माहीत नसल्याने ती म्हणाली, "नुसतं ठीक?"

सोमवारी भिंगरी गेली आणि वेळेवर परत आली. मग दर आठवड्याला जाऊ लागली. दरम्यान मामांनी बाकीचे अठरा अर्जही बाहेर काढले. वैमानिकांच्या बायका, आया, एक नवरा आणि कानाने अधू असलेले एक वडील अशी मंडळी एकेक करून सामानाच्या खोलीत येऊन बसू लागली. मामा त्यांना जाकीट घालून दाखवत आणि प्रश्न विचारत. त्या वडिलांना प्रश्न पाटीवर लिहून दाखवावे लागले, पण उत्तरं त्यांचीच सगळ्यात चोख होती. त्यांच्यासाठी धाकट्या सुनेचा नंबर लिहिला आणि तिने सासऱ्यांना लगेच सांगायचं, असं ठरलं. व्यवस्थापक म्हणाले, मामा, ही काय शाळा काढलीत. मामा म्हणाले, हो, उशिराच काढली.

सातव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी सव्वाअकराला मामांचा फोन वाजला. ताई.

"भिंगरीचं बीकन वाजलंय. मला अकरा दहाला फोन आला. सगळं सांगितलं. त्यांचं विमान निघतंय." तिचा आवाज सरळ होता, पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखा. "तू इकडे ये."

मामा चार गल्ल्या जवळजवळ धावत गेले. ताई मशीनपाशी बसली होती, पुढ्यात अर्धा शिवलेला तंबू, आणि फोन त्या तंबूवर. मामा स्टुलावर बसले. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "अगं, होतं असं. पाच वेळा खोटंच निघालंय, बहुतेक बटण..."

"तसलं काही सांगू नकोस मला," ताई म्हणाली. "तुला काय माहीत आहे तेवढं सांग."

"विमान उलटलं असेल तर त्यात बसवलेलं, आपोआप वाजणारं बीकन बहुतेक गेलं. हे जाकिटातलं बीकन हाताने चालू करावं लागतं. म्हणजे ते दाबलं तेव्हा तिला दाबता येत होतं. बाकी मला काही माहीत नाही."

"बरं. मग बस."

ते बसले. ताई टीप मारत होती आणि मामा झाकणातून एकेक टाचणी काढून तिच्या हातात देत होते. साडेबारा झाले, दीड झाला. मामांना भीती वाटत होती, आणि तरी त्या दिवसात एक गोष्ट बरोबर होती, ती म्हणजे ते दोघं एका खोलीत होते. तीन वाजता ताईने शिवणकाम बाजूला ठेवलं. नुसती फोनकडे बघत राहिली. वाट बघायला दोन्ही हात मोकळे असावेत, असं काहीसं तिच्या बसण्यात होतं. मामांनीही मग काही हलवाहलव केली नाही.

पाचला दहा मिनिटं असताना फोन आला.

"हो, मीच. आई." ती ऐकत राहिली. "चालतेय? ... स्वतः चढली? बरं. ... बरं." तिने फोन खाली ठेवला, उलटा ठेवला, परत सुलटा केला.

"नदीच्या वळणावर उतरताना चाक गोट्यांत रुतलं आणि विमान उलटलं," ती म्हणाली. "ते निरोपाचं यंत्र डॅशबोर्डवर होतं म्हणे, त्याचा चुरा झाला."

"सांगितलं होतं मी तिला. खिशात."

"बीकनमुळे जागा कळली, पण विमान काठच्या झाडीत घुसलेलं, वरून काही दिसेना. दोनदा वरून गेले. मग आरसा चमकला." ताईचे ओठ थरथरले आणि तिने ते थरथरू दिले. "उजवं मनगट मोडलंय. सगळं डाव्या हाताने केलं पोरीने."

मामांनी तोंडावर दोन्ही हात घेतले आणि मोठ्याने रडले, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दुकानाचं दार उघडं असताना. ताईने त्यांना रडू दिलं. तिच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिने ते पुसलं नाही.

मागच्या खिडकीतून उतरतं ऊन मशीनवर आलं होतं. ताईने झाकणातल्या टाचण्या कापडावर ओतल्या, एका चिंधीने ते आतून पुसलं आणि उन्हात तिरकं धरलं. अकरा वर्षांत ते बरंच काळवंडलं होतं. तरी समोरच्या भिंतीवर एक फिकट, वेडावाकडा गोल उमटला. तिने तो हळूहळू भिंतीवरून खाली आणला आणि मामांच्या शर्टावर थांबवला.

"दिसतोय का?" तिने विचारलं.

"दिसतोय," मामा म्हणाले.

तिने आणखी थोडा वेळ हात स्थिर धरला. मग झाकण खाली ठेवलं, टाचण्या परत त्यात भरल्या आणि अर्धवट राहिलेला तंबू पुढे ओढला.